ससेक्सची 2014 ची बाटली: पुढचं साल वाचा, मागची तारीखही वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लेक इंग्लंडात नोकरीला आहे, येताना तिने ससेक्समधल्या एकाच वायनरीच्या दोन स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांच्या, वाईन आणल्या. एकीवर 2014 असं साल छापलंय. दुसरीवर साल नाही आणि ती जवळपास निम्म्या किमतीची आहे. फरक नक्की कशाचा? सालवाली बाटली पुण्यात घरी आणखी पाच वर्षं, म्हणजे लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसापर्यंत ठेवली तर चालेल का? आणि मुळात इंग्लंडच्या त्या पावसाळी हवेत वाईनची द्राक्षं पिकतात तरी कशी?

मी नाशिक भागात वाईन बनवतो, आणि ससेक्समध्ये काढणीच्या हंगामात तिथल्या द्राक्षाचा रस काढायच्या प्रेसवर कामही केलंय. मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घाई तिथेच आहे. पाच वर्षं थांबू नका. पुण्यातल्या साध्या घरात ही बाटली पाच उन्हाळे काढणार नाही. येत्या थंडीत उघडा. असं का म्हणतो ते कळायला बाकीचं सगळं वाचावं लागेल.

ससेक्स 51 अक्षांशावर आहे आणि आपलं नाशिक 20 वर. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतो आणि जानेवारी ते मार्च काढणी. वेल आपल्याकडे कधी झोपतच नाही, छाटणी करून आपण त्याला वळण लावतो. तिकडे वेल हिवाळाभर खरोखर झोपतो. एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत फुलोरा येतो आणि काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर. जूनमध्ये तिथला दिवस सोळा तासांहून मोठा असतो, पण ऊन मवाळ. मणी सावकाश भरतो. साखर हळूहळू चढते आणि आम्ल मात्र टिकून राहतं. आपल्याकडे दुपारी पारा तिशीच्या वर गेला की मण्यातलं मॅलिक आम्ल भराभर जळतं, म्हणून स्पार्कलिंगसाठी आपण द्राक्ष लवकर तोडतो, चव पूर्ण यायच्या आत. ससेक्सला ही तडजोड करावी लागत नाही. तिथे शार्दोने किंवा पिनो न्वार जातीचं द्राक्ष 17-19 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडलं तरी चव पिकलेली असते आणि रसात लिटरला 10-12 ग्रॅम आम्ल सहज असतं. त्याची बेस वाईन, म्हणजे बुडबुडे येण्याआधीची साधी वाईन, प्यायलात तर दात आंबतात. नव्या माणसाला वाटतं ही बिघडलीय. पण हीच वाईन पुढे दहा वर्षं उभी राहते.

या थंडीची किंमतही मोजावी लागते. एप्रिलअखेर कोवळे फुटवे बाहेर असतात आणि एका रात्रीत पारा शून्याखाली जातो. मग रात्रभर ओळींमधून मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून माणसं जागतात. 2017 च्या एप्रिलमध्ये असंच झालं, अनेक मळ्यांचं पीक एका रात्रीत निम्म्याहून खाली आलं. फुलोऱ्यात पाऊस पडला की घड विरळ धरतात. उन्हाळा ओला गेला की डाऊनी ही बुरशी, आणि सप्टेंबरमध्ये ओल राहिली की मणी सडतात. ही नावं आपल्या बागायतदाराला सांगावी लागत नाहीत. फरक एवढाच की आपल्याला पावसाची भीती छाटणीनंतरच्या महिन्यात असते, त्यांना एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत.

म्हणून थंड प्रदेशात बाटलीवरच्या सालाला इतकं वजन आहे. कोणतं साल किती वेगळं जातं ते एका उदाहरणावरून कळेल. 2012 मध्ये इंग्लंडात उन्हाळा म्हणावा असा आलाच नाही, फुलोऱ्यात पाऊस आणि पुढेही थंडी. न्येटिंबर ही ससेक्समधली सगळ्यात नावाजलेली वायनरी. तिच्या वाईनमेकर चेरी स्प्रिग्स यांनी त्या वर्षी एक थेंबही वाईन करायची नाही असं ठरवलं. अख्ख्या वर्षाचं उत्पन्न सोडून दिलं. इंग्लिश चॅनलच्या पलीकडे, फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतात त्याच वर्षी आधी गोठवणारी थंडी, मग गारपीट, मग डाऊनी अशी सगळी संकटं आली, पण ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे आणि उबदार गेले. पीक थोडं आलं आणि 2012 हे तिथलं गेल्या काही दशकांतलं एक उत्तम साल ठरलं. त्यामुळे कुणी शॅम्पेनचा तक्ता बघून इंग्लिश बाटलीचं साल जोखत असेल तर त्याला थांबवा. तुमचं 2014 उलट्या बाजूचं आहे. शॅम्पेनमध्ये ते मध्यम साल, काळ्या द्राक्षांना फळमाशीचाही त्रास झाला. ससेक्समध्ये मात्र उबदार, भरपूर आणि निरोगी पीक. बाटली चांगल्या सालातली आहे, याबद्दल निश्चिंत राहा.

खडूच्या जमिनीबद्दलही बाटलीबरोबर माहितीपत्रक आलं असेल. साउथ डाउन्स या ससेक्समधल्या टेकड्यांचा खडूचा खडक आणि शॅम्पेनचा खडक एकाच थराचे आहेत, चॅनलखालून तो पलीकडे जातो, हे खरं. पण न्येटिंबरचे जुने मळे मुख्यतः ग्रीनसँडवर, म्हणजे हिरवट वाळूच्या दगडावर आहेत आणि त्यांच्या वाईनला त्याने काही कमी पडलेलं नाही. माझ्या मते दक्षिणेकडचा उतार, वाऱ्यापासून आडोसा आणि पाण्याचा निचरा या तीन गोष्टी खडूपेक्षा जास्त मोलाच्या. आपल्याकडेही माळरानाचा उतार आणि खालची काळी जमीन यात काय फरक पडतो ते शेतकऱ्याला माहीत आहे.

आता साल असलेली आणि नसलेली बाटली. साल नसलेल्या बाटलीत त्या वर्षीच्या वाईनमध्ये मागच्या वर्षांची राखून ठेवलेली वाईन मिसळतात. आंबट वर्षाला मऊपणा, पातळ वर्षाला भरीवपणा असं करत वायनरी आपली ठरलेली चव दरवर्षी सारखी ठेवते. हे काम हलकं नाही. उलट सगळ्यात अवघड कसब तेच आहे, आणि साल नाही म्हणून बाटली कमी प्रतीची असं समजू नका. न्येटिंबरने तर आपली क्लासिक क्युवे ही नेहमीची वाईन आधी सालासकट विकली आणि पुढे जाणीवपूर्वक अनेक सालांच्या मिश्रणाकडे वळवली. सालाच्या बाटलीत मात्र ते एकच वर्ष असतं, त्याच्या उन्हापावसासकट. शॅम्पेनमध्ये नियम कडक आहे: शंभर टक्के त्याच सालची द्राक्षं, आणि बाटली भरल्यापासून किमान 36 महिने थांबायचं, बिनसालाच्या बाटलीला 15 महिने, त्यातले 12 गाळावर. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण नियम 85 टक्क्यांचा आहे, आणि पारंपरिक पद्धतीच्या, म्हणजे बाटलीतच बुडबुडे तयार होणाऱ्या, वाईनला गाळावर किमान नऊ महिने. चांगल्या वायनऱ्या त्याच्या कितीतरी पुढे जातात. केंटमधली गस्बोर्न तर 2006 च्या पहिल्या हंगामापासून आपल्या स्पार्कलिंग सालासकटच काढत आली आहे. किमतीतला फरक बराचसा याच थांबण्याचा आहे. चार-पाच वर्षं पैसे तळघरात पडून राहतात, वर इंग्लंडात एकरी उतारा शॅम्पेनपेक्षा बराच कमी.

हा गाळ म्हणजे काय ते नीट सांगतो, सगळं रहस्य तिथेच आहे.

घड अख्खेच प्रेसमध्ये जातात. मणी तोडायचे नाहीत, चिरडायचे नाहीत, कारण पिनो न्वारचं सालटं काळं आणि आपल्याला रस पांढरा हवा. काढणारी माणसं कात्रीने घड कापतात, सडका मणी दिसला तर जागीच टोकाने उडवतात आणि मगच घड क्रेटमध्ये ठेवतात. ऑक्टोबरच्या सकाळी पानांवर दव इतकं असतं की हातमोजे दहा मिनिटांत भिजतात. प्रेसमधून पहिला रस फिकट गुलाबीसर येतो, काही वेळात तो रंगही खाली बसतो. दाब वाढवत गेलं की रस जाड आणि कडवट होतो, तो वेगळा काढायचा. चांगल्या सालाच्या बाटलीत हा शेवटचा रस सहसा घेत नाहीत.

पहिलं किण्वन, म्हणजे रस आंबणं, टाकीत होतं, 10-11 टक्क्यांची साधी वाईन तयार होते. वसंतात तिच्यात लिटरला सुमारे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटल्या भरतात, सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच लावतात आणि आडव्या रचून ठेवतात. लिटरला चार ग्रॅम साखरेने जवळजवळ एक बार दाब चढतो, म्हणजे 24 ग्रॅमने सहा बार. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. अल्कोहोल सव्वा टक्क्याच्या आसपास वाढतो. काही आठवड्यांत साखर संपते, यीस्ट मरतं आणि बाटलीच्या कुशीवर पांढुरका थर होऊन बसतं. तोच हा गाळ. पुढच्या काही महिन्यांत मेलेल्या पेशी हळूहळू फुटू लागतात आणि त्यातली प्रथिनं, अमिनो आम्लं वाईनमध्ये उतरतात. दीड-दोन वर्षांनंतर फरक जिभेला कळतो: भाजलेला पाव, बिस्किट, हेझलनट, आणि मुख्य म्हणजे तोंडात एक साईसारखी गोलाई. आम्लाची धार तीच राहते, तिच्याभोवती अंग येतं. शिवाय हा गाळ बाटलीतला प्राणवायू शोषून घेतो. त्यामुळे गाळावर असलेली वाईन फार सावकाश म्हातारी होते. ती तळघरात 11-12 अंशांवर दहा वर्षं राहिली तरी ताजी असते.

मग गाळ काढायचा दिवस येतो. बाटल्या हळूहळू फिरवत उलट्या करत नेतात. पूर्वी हे काम हाताने महिनाभर चालायचं, आता लोखंडी पिंजऱ्यात आठवडाभरात होतं. गाळ मानेत जमा झाला की मान गोठवायच्या द्रावणात बुडवतात, वजा 25 अंशांच्या आसपास. बूच उडवलं की बर्फाची गोळी गाळासकट बाहेर फेकली जाते. त्या बाकाशी उभं राहून काम करताना प्रत्येक बाटलीचा वास घ्यायचा असतो, कारण नासलेली बाटली तिथे सापडली तरच सापडते. लगेच थोडीशी वाईन आणि साखर घालून बाटली भरून काढतात आणि खरं कॉर्क ठोकतात. ब्रूट लिहिलेलं असेल तर साखर लिटरला 12 ग्रॅमच्या आत, एक्स्ट्रा ब्रूट म्हणजे सहापर्यंत.

इथून पुढे वाईनचं आयुष्य बदलतं. राखणदार गाळ गेला, बूच निघालं तेव्हा थोडी हवा आत गेली, आणि कॉर्कमधून कणाकणाने वायू बाहेर जाऊ लागला. सुरुवातीची वर्ष-दीड वर्ष हे चांगलंच असतं, घातलेली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांत मिसळून टोस्टचा वास येतो. पुढे मध, सुकवलेलं सफरचंद, मशरूम असे वास येतात. काहींना ते फार आवडतात, मलाही आवडतात. पण त्यानंतर उतार लागतो.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की सालाइतकीच गाळ काढल्याची तारीख महत्त्वाची. बाटली उलटी करून मागचं लेबल पाहा. बऱ्याच वायनऱ्या महिना आणि वर्ष छापतात, काही कोड देतात आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर टाकला की माहिती मिळते. न्येटिंबरच्या बाटल्यांवर असा कोड असतो. 2014 ची एक बाटली 2018 मध्ये गाळ काढलेली आणि दुसरी 2023 मध्ये, या दोन वेगळ्या वाईन समजा. पहिली आता पिकून तयार आहे, कदाचित थोडी पुढेही गेली आहे. दुसरी अजून टवटवीत असेल आणि थंड जागा असेल तर दोन-तीन वर्षं ठेवता येईल. साल एकच, द्राक्षं एकच, पण पेल्यात त्या बहिणी-बहिणी वाटतील, जुळ्या नाही. लेकीला ही तारीख बघायला सांगा. दुकानदारालाही विचारावी, ज्याला ती सांगता येते तो दुकानदार धरून ठेवावा.

आता पुणं. तळघराला 10-13 अंश स्थिर तापमान लागतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मे महिन्यात बंद कपाटात सुद्धा तीस अंशांच्या वर तापमान जातं, आणि रात्री उतरतं. हा चढउतार सगळ्यात वाईट. आतला वायू प्रसरण पावतो, कॉर्कवर ताण येतो, आणि वाईन एका उन्हाळ्यात तीन-चार वर्षांनी म्हातारी झाल्यासारखी वाटते. वाईनचा स्वतंत्र फ्रिज असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर नेहमीच्या फ्रिजमध्ये भाजीच्या खणात, कागदात गुंडाळून ठेवा; काही महिने उत्तम राहते. आडवी ठेवायची की उभी यावर फार डोकं शिणवू नका, एवढ्या काळात फरक पडत नाही. उजेड मात्र टाळा. काच पांढरी असेल तर ट्यूबलाइटखाली काही तासांतही वाईनला ओल्या लोकरीसारखा, कोबीसारखा वास लागू शकतो. शोकेसमध्ये दिव्याखाली मांडलेली महागडी बाटली बघितली की मला फार वाईट वाटतं.

उघडण्याचं थोडक्यात सांगतो. बर्फ आणि पाणी निम्मंनिम्म घेतलेल्या बादलीत अर्धा तास, किंवा फ्रिजमध्ये तीन-चार तास. फ्रीझरमध्ये ठेवू नका. तारेची जाळी सोडताना अंगठा कॉर्कवरून हलवायचा नाही. कॉर्क घट्ट धरा आणि बाटली फिरवा, तिरकी धरून. मोठा आवाज काढण्यात काही शोभा नाही, फेस सांडतो तो दहा वर्षं सांभाळलेला असतो. सालाच्या वाईनला 10 अंश बरे, फार गार केली तर वासच येत नाही. अरुंद उंच ग्लासपेक्षा साध्या पांढऱ्या वाईनचा ग्लास घ्या. ग्लासवर भांड्याच्या साबणाचा अंश राहिला तर बुडबुडे मरतात, म्हणून गरम पाण्याने खळबळून फडक्याने पुसा. फडक्याचे बारीक तंतू काचेला चिकटतात आणि बुडबुड्यांच्या माळा त्यांच्यापासूनच सुटतात. शॅम्पेनमधल्या रॅंस शहरातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी हे सूक्ष्म चित्रणातून दाखवलेलं आहे.

खायला काय? तळलेलं आणि खारट. कोथिंबीर वडी, कमी तिखट बटाटेवडा, रव्यात तळलेलं पापलेट किंवा सुरमई. आम्ल आणि बुडबुडे तेल कापतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. झणझणीत तिखटाबरोबर बुडबुडे टोचतात, तर्री असलेल्या मिसळीबरोबर नको. गोडाबरोबर तर अजिबात नको: श्रीखंडाचा घास घेऊन ब्रूट प्यायलात तर ती चिंचेच्या पाण्यासारखी लागेल. वाढदिवसाचा केक आधी बाजूला ठेवा.

तुमच्या दोन बाटल्यांचं मी असं करेन. घरी पाहुणे जमतील, ग्लास उंचावतील, अर्धे लोक बोलण्यात गुंतलेले असतील, तिथे बिनसालाची बाटली उघडा. तिचं काम तेच आहे आणि ते ती चोख करेल. 2014 ची बाटली दोघांनी किंवा चौघांनी, जेवायच्या आधी, निवांत. पहिला ग्लास गार असताना घ्या आणि दुसरा वीस मिनिटांनी. तेवढ्या वेळात तिच्यात काय उलगडतं ते बघा. लिंबाच्या सालीपासून पावाच्या कडेपर्यंत ती सरकत जाते. उरलीच तर स्पार्कलिंगचा पकडीचा स्टॉपर लावून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. तोंडाशी चमचा अडकवण्याच्या उपायाचा काही उपयोग होत नाही.

राहिला तिसाव्या वाढदिवसाचा प्रश्न. त्यासाठी लेकीला त्या वर्षी येताना नुकताच गाळ काढलेली सालाची मॅग्नम आणायला सांगा. मॅग्नम दीड लिटरची असते, आणि परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमाफ आणता येतं, म्हणजे एक मॅग्नम नियमात बसते. वाईन दुप्पट आणि मानेतली हवा जवळपास तेवढीच, म्हणून मॅग्नममधली वाईन साध्या बाटलीपेक्षा सावकाश पिकते. तळघरातले लोक स्वतःसाठी तीच राखून ठेवतात. सामानात नीट गुंडाळून चेक-इनला द्यावी आणि घरी आल्यावर निदान आठवडाभर फ्रिजमध्ये विसावू द्यावी, प्रवासात हिंदकळलेली वाईन लगेच उघडली तर फेस सांभाळत नाही.